खरखर नेमकी कुठली?

वाचकांचे प्रश्न : वाद्यं आणि त्यांची दुरुस्ती

प्रश्न : माझे वडील १९८० च्या आसपास कोल्हापुरात एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. पुढे नोकरी लागली आणि वाजवणं सुटलं. गेल्या वर्षी ते गेले. माळा आवरताना त्यांची गिटार सापडली, गोधडीत गुंडाळलेली, तारा सैल सोडलेल्या. मी नव्या तारा बसवल्या आणि मोबाइलवरच्या ट्यूनरवर चारही लावल्या. मोकळ्या तारा स्वच्छ वाजतात. पण जाड दोन तारांवर पहिल्या फ्रेटपासून (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) पाचव्यापर्यंत कुठंही बोट ठेवलं की खर्रर्र होतं. सर्वांत पातळ तारेवर तर सातवा फ्रेट दाबला तरी आठव्याचाच सूर निघतो. एक मित्र म्हणाला, तारांखालचा ब्रिज वर घे. घेतला. आता तारा इतक्या उंच झाल्यात की बोटं दुखतात, खरखर मात्र पूर्ण गेलेली नाही. दुसरा म्हणतो फ्रेट घासून टाक, तिसरा म्हणतो आतला रॉड आवळ. नवरात्रात आमच्या मंडळात वाजवायची इच्छा आहे. गिटार कामातून गेली का?
एक वाचक, कागल

उत्तर : नाही, गेलेली नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तुम्ही खरखर कुठल्या तारेवर आणि कुठल्या फ्रेटवर येते ते लिहिलंय. माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी नुसतं ‘आवाज फाटतोय’ म्हणतात आणि गिटार टेबलावर ठेवतात. मग पहिला अर्धा तास मला तुम्ही लिहिलेली माहिती शोधण्यात जातो.

मित्रांचे तिन्ही उपाय खरे आहेत, पण वेगवेगळ्या दुखण्यांवरचे. तुमच्या गिटारीला दोन दुखणी आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. जाड तारांची खरखर नेकच्या, म्हणजे गिटारीच्या दांड्याच्या, वाकामुळे आहे. पातळ तारेवरचा चुकीचा सूर आठव्या फ्रेटमुळे आहे. ब्रिज वर घेऊन दोन्ही थोडी झाकली जातात, बरं एकही होत नाही.

मी मूळचा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला फिटर. लेथवर नऊ वर्षं काढली. वाद्यांच्या कामाची गोडी लागली ती मिरजेत, सतारमेकरांच्या गल्लीत, तानपुऱ्याची जवारी काढताना बघून. त्याचा तुमच्या खरखरीशी अगदी जवळचा संबंध आहे. तानपुऱ्याच्या घोडीचा, म्हणजे त्याच्या ब्रिजचा, माथा सपाट दिसतो, पण त्याला किंचित उतार असतो. थरथरणारी तार त्या उताराला घासत राहते आणि त्यातून तो भरलेला झंकार उठतो. तारेखाली सुताचा धागा, म्हणजे जीव, केसभर पुढेमागे सरकवला की सूर एकदम उघडतो. कारागीर घोडीवर दोन हात पॉलिशचा कागद फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. एका जवारीला सकाळची दुपार होते. बेस गिटारवर तुम्हाला जी खरखर नको आहे ती हीच घासण आहे, फक्त नको तिथं होणारी. तानपुऱ्यात ती घोडीवर बोलवायची असते, गिटारीत ती फ्रेटवरून घालवायची असते. कामाची रीत दोन्हीकडे एकच: थोडं करायचं आणि ऐकायचं.

आता नेक. बेसच्या चार तारा सुरात चढवल्या की त्यांचा मिळून ओढा पाऊणशे किलोच्या घरात जातो. सिमेंटचं दीड पोतं नेकच्या टोकाला टांगावं तसा. हा ओढा नेकला पुढं वाकवतो. त्याला उलटा ताण द्यायला नेकच्या पोटात लोखंडी ट्रस रॉड असतो. दोघांची रस्सीखेच चालू असते आणि नेक मधे जवळजवळ सरळ उभा राहतो. तुमच्या वडिलांनी, किंवा कुणीतरी, गिटार ठेवताना तारा सैल केल्या. काळजीपोटीच केल्या असणार. पण रॉड तसाच आवळलेला राहिला. एका बाजूनं दोर सोडला आणि दुसरी बाजू वर्षानुवर्षं ओढत राहिली. नेक मागं वाकला, मधला भाग तारांकडं फुगला. डोळ्याला दिसणार नाही इतकाच, पण तारेला तेवढा पुरतो. त्यात त्या काळी बऱ्याच जणांकडं जाड, गुळगुळीत, सपाट गुंडाळीच्या तारा असायच्या. तुम्ही आज दुकानातून आणलेल्या तारा त्याहून हलक्या असतील तर त्यांचा ओढाही कमी, आणि नेक पुढं यायला तेवढी मदत कमी.

जाड तारेला जागा जास्त का लागते तेही सांगतो. सर्वांत जाड ‘ई’ (E) तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते. इतकी संथ आणि जाड तार छेडल्यावर मधे मोठा झोका घेते, डोळ्यांनी तिची पुसट पट्टी दिसते. सर्वांत पातळ ‘जी’ (G) तार सेकंदाला ९८ वेळा हलते, तिचा झोका लहान. म्हणून नेकचा वाक बिघडला की आधी जाड तार तक्रार करते. मोकळी तार तुमच्याकडं स्वच्छ वाजते, कारण नटच्या, म्हणजे नेकच्या डोक्याकडं तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या, खाचा अजून उंच आहेत आणि त्या तारेला पहिल्या फ्रेटवरून उचलून धरतात. बोट ठेवलं की नटचा तो आधार सुटतो.

हे मोजून बघा. तारा सुरात लावा. गिटार टेबलावर आडवी टाकू नका, वाजवताना धरता तशी मांडीवर घ्या, कारण आडवी ठेवली की नेक स्वतःच्या वजनानं फसवतो. जाड ई तार डाव्या हातानं पहिल्या फ्रेटवर दाबा आणि उजव्या हाताच्या कोपरानं किंवा करंगळीनं शेवटच्या फ्रेटवर. तार आता पट्टीसारखी सरळ झाली. सातव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्या मधे किती फट राहते ते बघा. साधारण ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर हवी, म्हणजे जाड व्हिजिटिंग कार्ड न अडकता आत-बाहेर करावं इतकी. नेमकं माप हवं तर फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा जुडगा, लागेल. त्यासाठी गिटारच्या दुकानात जायची गरज नाही. मोटरसायकलचे टॅपेट सेट करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिककडं ते असतं, त्याच्यासमोर बसून दोन मिनिटांत मोजून होतं. मी आजही माझं लेथच्या काळातलं गेजच वापरतो, पानं काळी पडलीत पण माप तेच आहे. तुमच्याकडं फट शून्य निघेल असं मला वाटतं. तार मधे फ्रेटला टेकलेलीच असेल.

पण रॉडला हात लावण्याआधी आठवा फ्रेट बघा. क्रम बदलू नका. उचकटलेला फ्रेट मधे उभा असेल तर पुढची सगळी मापं खोटी येतात.

सातवा दाबला आणि आठव्याचा सूर आला, याचा अर्थ तार सातव्यावर टेकतच नाही, आठव्यानं ती आधीच उचलून धरली आहे. फ्रेट म्हणजे वरून गोल दिसणारी तार, पण तिच्या पोटाला एक पातळ पातं असतं आणि त्याला बारीक काटे. ते पातं लाकडातल्या चिरेत ठोकलेलं असतं. आपल्याकडं आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, तेव्हा लाकूड पाणी पिऊन फुगतं. चैत्रात आकसतं, इतकं की फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बाहेर येऊन तळहाताला बोचतात. माळ्यावर पत्र्याखाली असे कित्येक उन्हाळे-पावसाळे काढल्यावर एखाद्या फ्रेटची पकड सुटणं साहजिक आहे. पातळ तारेच्या बाजूचं टोक वर आलं असणार, कारण जाड तारांवर आठव्याची तक्रार तुम्ही लिहिलेली नाही.

खात्री करायला सरळ धारेची पोलादी पट्टी घ्या, सात सेंटिमीटर लांबीची. जास्त लांब नको. बेसवर सातव्यापासून नवव्या फ्रेटपर्यंत सव्वासहा सेंटिमीटर अंतर भरतं, आणि पट्टी एकावेळी तीनच फ्रेटवर बसायला हवी. पातळ ‘जी’ तारेखाली ही पट्टी सात, आठ, नऊ अशी उभ्या धारेवर ठेवा आणि दोन्ही टोकांना आळीपाळीनं बोट लावा. डुगडुगली, टक-टक असा आवाज आला, तर मधला उंच आहे. आता तार बाजूला सरकवून लाकडी चमच्याच्या दांड्यानं आठव्याचं टोक खाली दाबा. दबलं आणि सोडल्यावर पुन्हा वर आलं, तर फ्रेट सुटलाय. घासायचा प्रश्नच येत नाही. सुटलेला फ्रेट घासला तर पुढं कधीतरी तो बसेल आणि मग बाकीच्यांपेक्षा खोल राहील. ‘घासून टाक’ म्हणणाऱ्या मित्राला हे जरूर सांगा.

सुटलेला फ्रेट बसवणं घरी जमण्यासारखं आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी धातूला चिकटून, मास्किंग टेप लावा. प्लॅस्टिकच्या डोक्याची हातोडी किंवा फ्रेटवर शिसवीचा तुकडा ठेवून साधी हातोडी, हलक्या हातानं दोन-तीन ठोके. नेकच्या खाली वाळूची पिशवी ठेवा, नाहीतर ठोका वाया जातो आणि नेकला धक्का बसतो. मग फेविक्विकचा एकच थेंब सुईच्या टोकावरून फ्रेटच्या कडेच्या चिरेत सोडा. तो आपोआप आत ओढला जातो, बघताना दिसतो. लगेच लाकडी तुकडा ठेवून क्लॅम्पनं आवळा आणि रात्रभर तसंच ठेवा. नेकवरच्या फळीवर सांडलं तर नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसू नका, वॉर्निश आणि कडेची प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही विरघळतात. सकाळी पट्टी पुन्हा ठेवा. डुगडुग थांबली पाहिजे. लाकडी दांड्यानं दाबून फ्रेट हललाच नाही, तर तो सुटलेला नाही, खराच उंच आहे. मग घासून पुन्हा गोलाई द्यावी लागते, आणि ते काम हात बसलेल्या माणसाकडं द्या.

एक विनंती. तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर जाड तारांखाली तुम्हाला लहान खाचा दिसतील. ऑर्केस्ट्रातल्या बेसवर हात तिथंच जास्त असतो. त्या तुमच्या वडिलांच्या बोटांच्या आहेत. दुकानात नेलीत तर कुणीतरी सगळे फ्रेट एका पातळीत घासायला सांगेल. खाचा उथळ असतील आणि खरखर त्यांच्यामुळं नसेल, तर राहू द्या. मी राहू देतो.

आता रॉड. तिसरा मित्र ‘आवळ’ म्हणतो, तुम्हाला तो सैल करायचा आहे. आवळला की नेक आणखी मागं जाईल. रॉडचं तोंड बहुतेक गिटारींत डोक्याकडं, नटच्या मागं छोट्या झाकणाखाली असतं. काही गिटारींत ते नेकच्या बुडाला असतं आणि त्यासाठी नेक उघडावा लागतो. काही जुन्या वाद्यांत फिरणारा रॉडच नसतो, नुसती लोखंडी पट्टी पुरलेली असते. तसं निघालं तर पुढचं सगळं सोडा आणि जाड तारा लावून बघा.

रॉड फिरवायची ॲलन की (सहा कोनी चावी) बरोबर बसणारीच घ्या. इंचातल्या खाचेत मिलिमीटरची की जवळजवळ बसते आणि त्या ‘जवळजवळ’नं कोपरे गोल होतात. रॉडच्या टोकावर आणि शेजारी मार्करनं एक रेघ मारा, म्हणजे किती फिरवलं ते कळेल. रॉडच्या तोंडाकडं बघत, घड्याळाच्या उलट, पाव फेरा. बस. तारा पुन्हा सुरात लावा, गिटार भिंतीला टेकवून ठेवा आणि झोपा. लाकूड रात्रभर सरकत राहतं. सकाळी मोजा. फट आली नसेल तर आणखी पाव फेरा.

हे मी इतकं हळू का सांगतोय? सुरुवातीच्या काळात एकाला संध्याकाळच्या कार्यक्रमाला गिटार हवी होती. रॉड घट्ट होता. मी की लावली आणि जोर करून एक पूर्ण फेरा मारला. आतून ‘कट’ असा आवाज आला. तो आवाज हातात कळतो, कानाच्या आधी. आटे गेले होते. नेकवरची फळी उकलून रॉड बदलायला मला दोन महिने लागले, खर्च मी केला, पण त्या माणसाचा कार्यक्रम गेला तो गेलाच. तेव्हापासून रॉड फिरत नसेल तर मी तेलाचा थेंब सोडतो आणि दुसऱ्या दिवशी बघतो. तरी नाही फिरला तर जोर करत नाही. तुम्हीही करू नका.

फ्रेट बसला, नेकला वाक आला, की मग ब्रिज खाली आणा. बाराव्या फ्रेटचा माथा ते तारेची खालची कड एवढं अंतर मोजा. ‘ई’ तारेला अडीच मिलिमीटर, ‘जी’ तारेला दोन, मधल्या दोघींना त्यांच्या मधलं. जोरात वाजवत असाल तर थोडं जास्त ठेवा. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली जो छोटा आधार, म्हणजे सॅडल, असतो त्याला दोन बारीक स्क्रू असतात. दोन्ही बुडाला टेकलेले हवेत. एक अधांतरी राहिला तर तोच थरथरतो आणि माणूस नेकमधे दोष शोधत बसतो. गंजले असतील तर शिवणयंत्राचं तेल पुरतं. उंची बदलली की सूरही थोडा हलतो, म्हणून शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात येतो का ते ट्यूनरवर बघा. चढा येत असेल तर सॅडल मागं घ्या.

आणि ॲम्प लावून ऐका. भरीव लाकडाची गिटार खोलीत नुसती वाजवली की फ्रेटची खरखर मोठी वाटते, ॲम्पमधून बरीचशी ऐकूच येत नाही. थोडी राहिली तर ती खोलीतलीच समजा आणि वाजवायला घ्या. नवरात्राला वेळ आहे. पावसाचा जोर असताना शेवटचं माप धरू नका, घटस्थापनेच्या आठवडाभर आधी एकदा पुन्हा मोजा.

प्रश्न : माझ्या बेसमधून सतत ‘घूं’ असा आवाज येतो. तारांना हात लावला की थांबतो, हात काढला की पुन्हा सुरू. फ्रेट घासायला हवेत का?
एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, फ्रेटचा काही दोष नाही. ही विजेची घरघर आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सूर ४९ हर्ट्झचा. म्हणून ती घरघर बेसच्या सुरातच मिसळून बसते आणि तारेचा आवाज वाटते. हात लावल्यावर थांबते याचा अर्थ तारांपर्यंतची अर्थ वायर जोडलेली आहे आणि तुमचं शरीर त्या अर्थला जोडलं जातंय. उरतो तो आतल्या खोबणीला पत्र्याचं किंवा तांब्याच्या पट्टीचं आवरण नसल्याचा प्रश्न. जॅक, पॉट (आवाजाची बटणं) आणि पिकअपच्या (तारांखालचं चुंबक) खोबणीला तांब्याची चिकटपट्टी लावून तिला अर्थ जोडून घ्या, पुष्कळ फरक पडेल. ट्यूबलाइटपासून चार पावलं लांब बसूनही बघा. पण तारांना किंवा माइकला हात लावताना मुंग्या येत असतील, तर वाजवणं ताबडतोब थांबवा आणि घरचा अर्थ इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ॲम्पच्या तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कुणी कापली असेल तर तो प्लग आजच बदला.

प्रश्न : बेसच्या तारा महाग पडतात. जुन्या तारा पाण्यात उकळल्या की नव्यासारख्या होतात असं ऐकलंय. करावं का?
एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : गुंडाळीत साठलेला घाम आणि तेल निघतं, आवाज काही दिवस उघडतो. दहा मिनिटं उकळा, फडक्यानं पुसून पूर्ण वाळवा, नाहीतर आतून गंजतील. पण तार एकदा चपटी झाली, फ्रेटच्या जागी तिला घट्टे पडले, की उकळून काही होत नाही. अशी तार कुठल्याच फ्रेटवर नीट सुरात बोलत नाही, आणि खरखर शोधताना ती लावलेली असेल तर माणूस भलतीकडंच जातो. नव्या तारा लावाल तेव्हा एक सांभाळा: टोक कापायच्या आधी कापायच्या जागेच्या अलीकडं तार काटकोनात वाकवा, मग कापा. तशीच कापली तर गुंडाळी आतल्या तारेवरून सुटते आणि नवी तार पहिल्याच दिवशी मेल्यासारखी वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली उतरत जाणारे, म्हणजे तार नटवर दाबून बसते.